आभाराची पत्रं लिहायला बसशील तेव्हा

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद.

संस्थेला मदत करणाऱ्या सगळ्यांना जाणारी आभाराची पत्रं या वर्षी तुझ्या हातून जाणार, हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! ६ एप्रिलच्या आत ती पोचावीत असं तू ठरवलंस, तेही आवडलं. १८९६ साली त्या तारखेला अथेन्समध्ये पहिलं आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये तो दिवस विकास आणि शांततेसाठी खेळाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला. मुलांना खेळायला मिळावं म्हणून झटणाऱ्यांची आठवण काढायला याहून चांगलं निमित्त शोधून सापडणार नाही. तू फोनवर विचारलंस, "आई, पत्रात नेमकं लिहू काय?" ते दोन वाक्यांत सांगून भागणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

फाइलमध्ये एक जुना मसुदा सापडेल. 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत. भविष्यातही असाच लोभ असावा.' तो वापरू नकोस. त्यात खोटं काही नाही, पण ते पत्र कोणीही कोणालाही पाठवू शकतं. ज्यानं आपल्या कमाईतून काढून दिलं, किंवा रविवारची सकाळ आपल्या मुलांसाठी घालवली, त्याला त्या देण्याचं पुढे काय झालं ते कळलं पाहिजे. पावती हिशेबासाठी असते, ती कशीही जाईलच. पत्रात मैदान दिसू दे.

एक उदाहरण देते. कपाटात चेंडूंची कमी कधीच नसायची. चेंडू द्यायला लोकांना आवडतं, आणि का आवडू नये? दिलेला चेंडू डोळ्यांना दिसतो, मुलाच्या हातात शोभतो. सराव अडायचा तो पंपाच्या सुईपायी. काडीएवढी ती सुई. ओली न करता व्हॉल्व्हमध्ये खुपसली तर आतलं रबर फाटतं, जरा तिरकी गेली तर आतच मोडते, आणि चांगला नवाकोरा चेंडू कायमचा मऊ पडतो. मुलं तशाच चेंडूवर खेळत राहतात. तो उसळत नाही, लांबचा पास अर्ध्यातच थांबतो, आणि चारसहा दिवसांत मुलांना वाटायला लागतं की आपल्यालाच जमत नाहीये. सुई नाही म्हणून एखादं मूल स्वतःला कमी समजू लागतं, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही.

मग एका बाईंनी दरमहा थोडी रक्कम पाठवायला सुरुवात केली. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती : ज्याला कोणी पैसे देत नाही, त्यासाठी वापरा. त्यातून सुया आल्या. क्रेप बँडेज आली, शिट्ट्या आल्या, गोलच्या जाळीचे तुटलेले हुक बदलले. या बाईंना लिहिताना 'आपल्या देणगीतून क्रीडासाहित्याची खरेदी करण्यात आली' असं लिहू नकोस. सुई लिही. कोणता चेंडू पुन्हा टणक झाला आणि त्यावर कोण खेळलं ते लिही. त्यांनी मागितलंही नेमकं तेच होतं.

दरमहा देणाऱ्यांविषयी माझ्या मनात वेगळाच आदर आहे. स्पर्धेच्या दिवशी मंडपावर नाव यावं म्हणून देणारेही आपलेच. त्यांच्याशिवाय स्पर्धा होत नाही, त्यांना मनापासून धन्यवाद दे. पण कोचचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो. चेंडू एकदा आणला की झालं, कोच ताईंना मात्र रोज यावं लागतं. ताई दोन महिने आल्या आणि पगार नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात दिसेनाशा झाल्या, तर मुलांच्या मनात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आधीच ज्या मुलांच्या आयुष्यात माणसं येऊन जातात, त्यांच्यासाठी आणखी एक माणूस निघून जाणं हे मैदान बंद होण्यापेक्षा वाईट. म्हणून दरमहाच्या देणगीदारांना कोचविषयी लिही. त्या वर्षभर राहिल्या, पावसातही आल्या, अमुक मुलगा त्यांच्याशी महिनोन्महिने एक शब्द बोलला नव्हता तो आता सराव संपल्यावर मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा करताना बडबडत असतो, हे लिही. मुलाचं नाव मात्र घालू नकोस.

आता एक गोष्ट सांगते, ती तू ऐकली असशील, पण पत्रं लिहिताना डोळ्यांपुढे ठेव. नॉर्वेचा योहान ओलाव कॉस हा बर्फावरचा स्केटर. १९९४च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये त्यानं तीन सुवर्णपदकं जिंकली, तिन्ही विश्वविक्रमासह. त्याच्या आदल्या वर्षी तो एरिट्रियात गेला होता. नुकतंच युद्धातून बाहेर पडलेलं ते राष्ट्र. तिथे त्याला मुलांचा एक घोळका दिसला, आणि त्यातल्या एका मुलाचा भाव बाकीच्यांपेक्षा वधारलेला. का, तर त्याच्या अंगातल्या शर्टाच्या बाह्या लांब होत्या. शर्ट काढून गुंडाळला, बाह्यांनी घट्ट बांधला की चेंडू तयार! आखूड बाह्यांच्या शर्टाचा चेंडू होत नाही. लिलेहॅमरमध्ये जिंकल्यावर कॉसनं बक्षिसाची रक्कम 'ऑलिंपिक एड' या मदत मोहिमेला दिली आणि देशातल्या लोकांनाही द्यायला सांगितलं. पुढे तो खेळाचं साहित्य घेऊन एरिट्रियाला गेला, तेव्हा मायदेशात त्याच्यावर टीका झाली. उपाशी मुलांना चेंडू काय कामाचा, असा सूर. तो मात्र मागे हटला नाही. त्याच कामातून पुढे 'राइट टू प्ले' ही संस्था उभी राहिली.

ही टीका आपल्यालाही ऐकावी लागते, म्हणून सांगितलं. औषधासाठी किंवा शाळेच्या फीसाठी मदत मागितली तर कोणी कारण विचारत नाही. खेळासाठी मागितली की समोरचा थबकतो. खेळ म्हणजे सगळं झाल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट, ही समजूत फार खोल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात ३१वं कलमच मुलाच्या विश्रांतीच्या आणि खेळण्याच्या हक्काचं आहे, पण करारात लिहिलं म्हणून मैदान मिळत नाही. आपल्या समर्थकांनी ती समजूत बाजूला सारून दिलं. 'यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी असेल' असं म्हणून निघून जाणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी पैशाइतकाच विश्वासही टाकला आहे, आणि त्या विश्वासाचा उल्लेख पत्रात यायलाच हवा.

मुलींविषयी स्वतंत्र लिहिशीलच, मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना सरासरी रोज ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल हवी. ११ ते १७ वयोगटात ती न मिळणाऱ्यांचं जगभरातलं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे, आणि मुलींमध्ये ते मुलांपेक्षाही जास्त, ८५ टक्क्यांच्या घरात. हा आकडा कसा तयार होतो, ते आपण मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलंय. दहाव्या वर्षी मुलांना मागे टाकून पळणारी मुलगी तेराव्या वर्षी 'पोटात दुखतंय' म्हणते, मग आठवड्यातून एकदाच येते, मग येतच नाही. कोणी तिला 'येऊ नकोस' म्हटलेलं नसतं. कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृह लांब असतं, सराव संपेपर्यंत अंधार पडतो आणि मैदानावर एकही बाई नसते. एवढंच पुरतं.

एक गृहस्थ मैदान बघायला आले होते. बहुतेक पाहुणे विचारतात, किती मुलं आहेत, किती बक्षिसं आली. यांनी सगळीकडे एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "मुली कपडे कुठे बदलतात?" मी साहित्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिचं दार आतून बंद होत नव्हतं. ते काही बोलले नाहीत. आठवडाभरात सुतार आला, कडी बसली, आत आरसा आणि खुंट्या लागल्या, झाकणाचा डबा आला, आणि सरावाची वेळ अलीकडे आणता यावी म्हणून मैदानाच्या व्यवस्थापकांशी ते स्वतः बोलले. त्यानंतर गळती थांबली असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी मोठ्या मुलींचा संघ पहिल्यांदा पुरा भरला. त्यात तू होतीस. तेव्हा तुला ती कडी कोणी बसवली हे माहीत नव्हतं. तुला ते कधी जाणवू नये असंच त्यांनी केलं होतं. या वर्षी त्यांचं पत्र तू स्वतः लिही, हातानं लिही.

यावरून आणखी एक आठवलं, आणि ते तुला आजवर सांगायची वेळ आली नव्हती. तू पहिल्यांदा मैदानावर गेलीस तेव्हा आपली ओढाताण होती. स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, घ्यायचे म्हणजे दुसरं काहीतरी राहून जाणार. घेणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं मला फार जड जायचं. मी कडेला थांबून मनात वाक्यं जुळवत होते, कसं विचारावं याची. सरांनी तुझ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ते कपाट उघडंय, मापाचे बघून घे. घट्ट झाले की आणून ठेव, मोठे घेऊन जा." बस्स. नाव लिहून घेतलं नाही, कोणी फोटो काढला नाही, कोणी दिले हे सांगितलं नाही. तू त्या ढिगातून एक जोडी काढलीस, एकाची नाडी पांढरी आणि दुसऱ्याची निळी होती, आणि धावत सुटलीस. माझी सगळी वाक्यं तोंडातच राहिली. त्या कपाटामागे किती माणसं होती हे मला नंतर, मी संस्थेत काम करायला लागल्यावर कळलं. मुलांची पावलं इतकी भराभर वाढतात की एक जोडी चार पायांतून फिरते. कोणीतरी ते स्टड आपल्या मुलाला लहान झाले म्हणून धुऊन, वाळवून, आत कागद भरून पाठवले होते. त्या माणसांचे आभार मानायची माझी इच्छा तेव्हापासूनची आहे.

म्हणूनच एका गोष्टीवर मी अडून बसते, आणि तूही बसावंस असं मला वाटतं. आभार मानायचं काम आपलं, संस्थेचं. मुलांचं नाही. कार्यक्रमात मुलांना रांगेत उभं करून हातात फलक द्यायचा, देणगीदाराच्या नावाचा जयजयकार करायला लावायचा, लहानग्याकडून 'तुमच्यामुळे मी खेळू शकलो' असं पाठ केलेलं भाषण म्हणवून घ्यायचं, हे नको. अनेक ठिकाणी असं चालतं आणि करणारी माणसं वाईट नसतात. त्यांना वाटतं, देणाऱ्याला आनंद होईल. पण त्या मुलाला त्या क्षणी कळतं की मैदानावर आपण दुसऱ्यांच्या बरोबरीचे नाही. खेळताना त्याला हे कोणी जाणवू दिलं नव्हतं. ज्यानं खरोखर मुलासाठी दिलंय, त्याला समोर अवघडून उभं राहिलेलं मूल पाहून आनंद होत नाही, हा माझा अनुभव आहे. एखाद्या मुलाला आपणहून चित्र काढून पाठवायचं असेल, दोन ओळी लिहायच्या असतील, तर जरूर पाठव. शुद्धलेखन सुधारू नकोस. फोटो वापरायचा झाला तर पालकांची लेखी संमती आणि मुलाची तोंडी हो, दोन्ही असल्याशिवाय नाही. आणि फोटो खेळतानाचा असू दे.

केनियात नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ साली मुलांसाठी फुटबॉलचं काम सुरू झालं, 'माथारे युथ स्पोर्ट्‌स असोसिएशन'. त्यांच्या लीगमध्ये सामना जिंकल्याचे गुण मिळतात, तसेच वस्तीतला कचरा उचलल्याचेही मिळतात, आणि तेही त्याच गुणतक्त्यात. पोरं सकाळी गटारं साफ करायची आणि त्याच संघानं सामना खेळायचा. संस्थेचा बराचसा कारभारही तिथे तरुण खेळाडूच सांभाळत आले. मला हे फार पटतं. त्या मुलांनी दात्यांपुढे हात जोडून उभं राहण्याऐवजी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारातला कचरा उचलला. आपल्याकडेही मोठी मुलं लहानांच्या सामन्यात पंच होतात, गुणफलक सांभाळतात, पहिल्या दिवशी घाबरलेल्या पोराला सोबत घेतात. समर्थकांना हे कळव. त्यांनी दिलेलं पुढे हातोहात चाललंय, हे वाचून त्यांना जे वाटेल ते कुठल्याही सन्मानचिन्हानं वाटणार नाही.

पत्रात मोठ्या बाता नकोत. 'आपल्या मदतीतून उद्याचे ऑलिंपिकपटू घडत आहेत' हे वाक्य फार सहज सुचतं. आपल्या मैदानावरची बहुतेक मुलं कुठल्याही मोठ्या संघात जाणार नाहीत. ती मोठी होतील, कामाला लागतील, एखाद्या सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर खेळतील. तेवढ्यासाठीच आपण हे करतो, आणि ते थोडं नाही. वर्षानुवर्षं राखीव खेळाडूच राहिलेला तो मुलगा तुला आठवतो ना, जो एकही सराव चुकवायचा नाही? त्याच्याविषयी लिही. जी मुलं मधेच सोडून गेली, त्यांच्याविषयीही एक ओळ लिही. ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला त्यांना चांगलं तेवढंच सांगायचं, हे बरोबर नाही.

आता ज्यांची नावं पावतीपुस्तकात नाहीत, ती माणसं. ही यादी तुला कुठल्याच फाइलमध्ये मिळणार नाही, म्हणून मी सांगते. सकाळी ठरल्या वेळेआधी येऊन फाटक उघडणारे काका. मैदानाला लागून घर असलेल्या आजी, ज्यांच्या अंगणात वर्षभर चेंडू पडतात आणि त्या प्रत्येक वेळी परत टाकतात. सामन्याचं मानधन पाकिटासकट परत करणारे पंच. गुडघा दुखावलेल्या मुलांना दवाखाना बंद केल्यावर तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई. आणि बिब, म्हणजे संघ ओळखू यावेत म्हणून सरावात वरून घालायची रंगीत बंडी, धुणारी ती आई. घामानं भिजलेले बिब सरावानंतर पिशवीत कोंबले जातात, एका रात्रीत त्यांना असा वास येतो की दुसऱ्या दिवशी मुलं ते घालायला कुरकुरतात. ती पिशवी घरी न्यायची, धुवून, वाळवून, रंगानुसार घड्या घालून आणायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा केव्हाच मोठा होऊन निघून गेला, तरी बिब येतातच.

या मंडळींना छापील पत्र पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः जा. काकांकडे फाटक उघडायच्या वेळी जा, म्हणजे किती लवकर यावं लागतं ते तुला कळेल. आजींशी जरा वेळ बस, त्यांना घाईत आलेली माणसं आवडत नाहीत. बिब धुणाऱ्या ताईंना मदत हवी आहे का, तेही विचार. आभार मानून काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात घालायचं नाही.

आणि ज्या पालकांनी मुलींना पाठवलं, त्यांनाही विसरू नकोस. शेजारचे काय म्हणतील याची धास्ती बाजूला ठेवून त्यांनी संमतिपत्रावर सही केली. एक पैसा दिला नसेल त्यांनी, पण त्या सहीशिवाय तुमचा संघ झाला नसता.

राहिले ते, ज्यांनी या वर्षी देणं थांबवलं. कोणाची नोकरी गेली असेल, घरात आजारपण आलं असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या कामाला द्यावंसं वाटलं असेल. कार्यालयात त्यांची नावं यादीतून काढून टाकायची पद्धत आहे. तू ती यादी मागून घे आणि त्यांना आधी लिही. इतकी वर्षं तुम्ही होतात, त्यामुळे अमुक झालं, ते अजून चालू आहे, एवढंच लिही. त्या पत्रात बँकेचा तपशील जोडू नकोस आणि पुढच्या वर्षीचा विषय काढू नकोस.

जेवणाखाण्याकडे लक्ष दे, उशिरापर्यंत जागून लिहू नकोस. मसुदे झाले की चारदोन मला पाठव, वाचायला फार आवडतील.

तुझी,
आई